ठुमकीचं चार्जिंग

नागपुरात जन्मलेल्या पुरुषाला कूलर लावायला शिकवावं लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! होळी झाली की आम्ही माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवतो, जुना वाळा फेकून नवा भरतो, पंप बादलीत बुडवून पाहतो आणि पंखा उलटा फिरला तर दोन तारा पलटवतो. झालं! एवढ्या ज्ञानावर या शहरातले निम्मे पुरुष स्वतःला इलेक्ट्रिशियन समजतात. उरलेले निम्मे त्यांना सल्ला देतात. मी दोन्हीकडे असतो.

त्यात माझी नोकरी वीज खात्यात. खात्यात म्हणजे बिलांच्या विभागात. तिथं मी तारेला कधी हातसुद्धा लावलेला नाही. पण ‘जावई वीज खात्यात आहेत’ एवढंच सासुरवाडीला ठाऊक, आणि त्यांचा समज मोडण्याइतका मी निर्दय नाही.

सासुरवाडी गावातच, धरमपेठेत. सासरे आनंदराव पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. ही दोघं इतकी सभ्य, की जावयाच्या चुकीला चूक म्हणायची त्या घरात पद्धतच नाही. मागं एकदा मी त्यांचा कूलर लावून दिला. त्यानं सगळं पाणी सोफ्यावर सोडलं. मामाजी म्हणाले, “बरं झालं जावईबापू, सोफा धुवाचाच होता!” मग लक्षात आलं, की पंखा उलटा फिरतोय आणि हवा घरात यायच्या ऐवजी खिडकीबाहेर जातेय. मी तारा पलटवायला उठलो, तर आत्याबाईंनी घाम पुसत मला खाली बसवलं. “असू द्या, असू द्या! नका त्रास घेऊ. बाहेरच्या मोगऱ्याले हवा लागून राहिली ना!” त्या उन्हाळ्यात मोगरा छान तरारला आणि घरातली माणसं सुकली.

ही पद्धत लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिनंच घातला. म्हणजे तिनं आणि मी.

तर मामाजींची एक गाडी आहे. छप्पन सालची, विलायती बनावटीची, काळी, गोल पाठीची. चालताना मागून डुलते म्हणून धरमपेठेत सगळे तिला ठुमकी म्हणतात. मामाजींनी ती घेतली तेव्हाही ती जुनीच होती. पण घेतली का, त्याला कारण आहे.

आत्याबाईंचं माहेर उमरेडचं. लग्नाच्या दिवशी नवरानवरीसाठी मागून आणायची मोटार ऐन वेळी आलीच नाही आणि नवी नवरी उमरेडहून नागपूरला एसटीत उभ्यानं आली. त्या एसटीतच मामाजींनी शब्द दिला, “प्रेमिला, एक दिवस तुले आपल्या सोताच्या गाडीत माहेरी नेतो!” पुढं पै पै जमवून ठुमकी आली. ती ऑफिसात गेली, शाळेत गेली, दवाखान्यात गेली. उमरेडला मात्र कधी गेली नाही. एका वर्षी टायर, एका वर्षी पोरांच्या परीक्षा, एका वर्षी मामाजींचीच हिंमत. आत्याबाई दर वेळी एसटीनं जात, आणि उमरेडच्या स्टँडवर त्यांच्या थोरल्या बहिणीचा, वच्छलाबाईंचा, एकच सवाल असे: “काय वं, कुठं आहे मोटार?”

या एप्रिलमध्ये त्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. वच्छलाबाईंनी उमरेडला जेवण ठेवलं. इकडे डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामाजींना गाडी चालवायची बंदी केली होती, आणि कळमेश्वर रोडवर हॉटेल काढणारे कोणी अंकुशराव ठुमकीच्या मागं लागले होते. त्यांना ती हॉटेलच्या दारात उभी करायची होती. बॉनेटमध्ये माती भरून वर वेल सोडणार म्हणे!

मामाजींनी एका रविवारी सगळ्यांसमोर निकाल दिला. “ठुमकी एक डाव प्रेमिलाले घेऊन उमरेडले पोचली, तर घरी राहीन. नाही पोचली, तर आपल्याच्यानं आता होत नाही म्हणाचं अन् अंकुशरावले देऊन टाकाची. कुंडी होईन बिचारी.”

आत्याबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. माझी बायको दीक्षा माझ्याकडे पाहू लागली. आणि मी, वीज खात्यातला माणूस, छाती पुढं काढून म्हणालो, “मामाजी, गाडी मी तयार करतो, मीच चालवतो आणि आत्याबाईंना वच्छलामावशींच्या दारात उतरवतो. माझा शब्द!”

“तुम्ही?” दीक्षा म्हणाली. तिला त्या घरात कोणतीही पद्धत लागू नाही.

दुसऱ्याच दिवशी आठवडाभराची रजा टाकून मी कामाला लागलो. इंजिन उत्तम होतं, मामाजी दर रविवारी ते चालू करत. काम काय ते चकाकीचं. धुणं, पुसणं, घासणं. डॅशबोर्डवर पितळी काठाचा एक गोल मीटर होता, चार्जिंगचा. मधे सुई, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. बॅटरी भरत असली की सुई अधिककडे जाते आणि रिकामी होत असली की उण्याकडे. काठ अगदी काळा पडला होता. मी मीटर काढला, चिंचेनं घासून सोन्यासारखा लख्ख केला आणि परत बसवायला घेतला.

मामाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. हळूच म्हणाले, “जावईबापू, तारा जरासक पाहून लावा हो.”

“मामाजी, दोनच तर तारा आहेत!” मी हसलो. “दोन तारा, दोन स्क्रू. आंधळासुद्धा लावेल!”

मामाजींनी घसा साफ केला आणि पेपर तोंडासमोर धरला.

गाडी चालू केली. इंजिन छान गुरगुरलं. आणि मीटरची सुई? उण्याकडे! मी ॲक्सिलरेटर दाबला. सुई आणखी उण्याकडे! इंजिन चालू असताना बॅटरी रिकामी होतेय, म्हणजे चार्जिंग ठार बंद! अशा गाडीत उमरेड कसलं, शहराच्या वेशीवरचा दिघोरीचा चौकसुद्धा गाठता येणार नाही.

“मामाजी, चार्जिंग गेलं!”

“सुईवर जाऊ नका, जावईबापू,” मामाजी फार नरमाईनं म्हणाले. “गाडी चांगली आहे. सुईचं एवढं काही मनावर घ्याचं नाही.”

“असं कसं? मीटर खोटं बोलत नाही मामाजी! माणूस बोलतो!”

“हे मात्र खरं आहे,” मामाजी म्हणाले आणि आत पाणी प्यायला गेले.

मग मी हात धुऊन डायनमोच्या मागं लागलो. डायनमो म्हणजे या जुन्या गाड्यांमधला वीज तयार करणारा लोखंडी गोळा. तो उतरवला, उघडला, आतले कार्बन घासले, पट्टा ताणला. कूलरच्या मोटारीला घालतात ते तेलही घातलं. तीन दिवसांत मी इतका काळा झालो होतो की कामवाल्या बाईनं मला दारातूनच “आज भंगार नाही” म्हणून परत पाठवलं. सगळं परत बसवून गाडी चालू केली. सुई उण्याकडेच! उलट पहिल्यापेक्षा जोरात!

आत्याबाई चहा घेऊन आल्या. “होईन, होईन,” म्हणाल्या. “जावईबापूंनी हात लावला ना, मग होते.”

त्यांच्या त्या ‘होते’मध्ये इतका विश्वास होता की मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी उमरेडला न्यायची पातळं काढून ठेवली होती. वच्छलाबाईंसाठी एक आणि स्वतःसाठी एक जांभळं, मोटारीत बसायचं म्हणून मुद्दाम घेतलेलं. आता नुसता वीज खात्याचाच नाही, माझ्या इज्जतीचा सवाल होता.

आणि त्याच दुपारी मला शोध लागला!

इंजिन बंद होतं. हेडलाइट पुसले म्हणून पेटतात का पाहायला मी बटण ओढलं. सहज मीटरकडे नजर गेली. सुई अधिकवर! दिवे बंद केले, सुई मधे. दिवे लावले, सुई अधिकवर. हॉर्न दाबला, सुई आणखी अधिकवर! मी हॉर्न दाबतच राहिलो. शेजारचे रामाजीकाका कंपाउंडवरून ओरडले, “काहून बोंबलवून राहिला गा तिले?”

मी धावत आत गेलो आणि मोबाइलवर या गाड्यांचा एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक परदेशी गृहस्थ सांगत होते, की त्या काळच्या विलायती गाड्यांत बॅटरीचं अधिकचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडत. आपल्याकडच्या गाड्यांच्या बरोबर उलटं! मला लख्ख प्रकाश पडला. या गाडीत सगळंच उलटं आहे! चालवली की बॅटरी रिकामी होते आणि दिवे लावले की भरते!

मी सगळ्यांना अंगणात बोलावून प्रात्यक्षिक दिलं. दिवे लावले. “पाहा सुई! अधिक! भरतेय!”

दीक्षानं बापाकडे पाहिलं. मामाजींना खोकल्याची मोठी उबळ आली.

“म्हणजे दिवे लावून ठेवले की बॅटरी भरते?” दीक्षानं विचारलं.

“या गाडीत, हो.”

“बाबा, तुम्ही काही म्हणून राहिले होते?”

“मी? नाही वं!” मामाजी घाईघाईनं म्हणाले. “जावईबापू सांगून राहिले, तर असन काहीतरी शास्त्र.”

झालं, उपचार सुरू झाले! भर दुपारी, डोक्यावर चव्वेचाळीस अंशांचा सूर्य, आणि ठुमकी दोन्ही डोळे वटारून अंगणात उभी. रामाजीकाका पुन्हा कंपाउंडवर आले. “दिवसाढवळ्या कोणाले शोधून राहिले जावईबापू?” मी त्यांना शास्त्र समजावलं. ते मान हलवत निघून गेले.

मी जेवायला आत गेलो. परत आलो तर दिवे बंद! मामाजी बाजूलाच पेपर वाचत बसलेले.

“मामाजी, दिवे कोणी बंद केले?”

मामाजींनी जरा विचार केला. “वाऱ्यानं विझले असन.”

हेडलाइट! वाऱ्यानं! मी मनात म्हटलं, वय झालंय बिचाऱ्यांचं. दिवे परत लावले. तासाभरानं पाहतो, तर परत बंद. म्हणजे बटणातच दोष! बटण बदललं. तरी तेच. मी समोर असलो की दिवे चालू, पाठ फिरली की बंद. एवढा लबाड शॉर्टसर्किट मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्यापायी डॅशबोर्डखालची अर्धी वायरिंग सोडून नव्यानं टेप गुंडाळली. मामाजी शेजारी उभं राहून प्रत्येक तारेकडे आशेनं पाहत. मीटरच्या मागं माझा हात गेला, की पुढं वाकून म्हणत, “हां, इथं जरासक...” आणि मी म्हणे, “तो भाग ठीक आहे मामाजी, तो मीच बसवला आहे.” की ते परत सरळ उभे राहत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी जालीम उपाय केला. दिवे लावले, बटणावर चिकटपट्टी मारली, गाडीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जाहीर केलं, “आता सकाळपर्यंत भरू द्या तिला पोटभर!”

मामाजी काचेतून आत पाहत बराच वेळ उभे होते. आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखे.

सकाळी दिवे मेणबत्तीएवढे मिणमिणत होते. मी खूश! “पाहिलं? बॅटरी पूर्ण भरली, म्हणून दिवे आपोआप मंद झाले!”

दिवे बंद केले, किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्! तिसऱ्यांदा तर टक्सुद्धा नाही.

आत्याबाई जांभळं पातळ नेसून, अंबाड्यात मोगरा माळून, हातात वच्छलाबाईंची पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मोगरा तोच, कूलरच्या हवेवर वाढलेला. मला त्यांच्याकडे पाहवेना.

“जास्त भरली असेल,” मी पुटपुटलो. “थोडी निवू द्या.”

दिवे बंद ठेवल्यानं म्हणा किंवा कशानं म्हणा, चहा-पोहे होईपर्यंत बॅटरीत थोडी धुगधुगी आली. रामाजीकाका आणि गल्लीतले चार जण बोलावले. सगळ्यांनी दम लावून ढकललं आणि ठुमकी फटफट करत चालू झाली! गल्लीत टाळ्या पडल्या. मी चालवायला, मामाजी माझ्या बाजूला, मागं आत्याबाई आणि दीक्षा. निघालो!

आणि सुई? उण्याच्या पार शेवटाला जाऊन टेकली! आठवडाभरात इतकी कधी गेली नव्हती. दिघोरी गेली, सुई हलेना. पाचगाव आलं, सुई तिथंच. माझ्या हिशेबानं बॅटरी नळ उघडा टाकल्यासारखी वाहून चालली होती. आत्याबाई मागून म्हणाल्या, “किती छान चालून राहिली हो! येष्टीतून हे झाडं कधी दिसतच नाही.”

पाचगावच्या पुढं कडुनिंबाची सावली दिसली आणि मी निर्णय घेतला. “मामाजी, थांबावं लागेल. इंजिन बंद करून दिवे लावतो, थोडी भरून घेतो, मग निघू.”

मामाजींनी चक्क हात जोडले. “जावईबापू, बंद नका करू. पाया पडतो.”

“अहो, पाया कसले पडता, मोठे आहात तुम्ही!” मी संकोचून म्हणालो आणि गाडी बंद केली.

दिवे लावले. सुई अधिकवर गेली. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर गरम वारा रस्त्यावरची धूळ उडवत होता. आत आम्ही चौघं उकडत बसलो होतो. आत्याबाईंनी पदरानं वारा घेतला, मामाजींना घातला, मग विचारलं, “जावईबापू, एक विचारू का? राग नका मानू. बॅटरी म्हणजे आपल्या टॉर्चच्या सेलवानीच ना?”

“हो, तसंच समजा.”

“मग टॉर्च चालू ठेवला, तर सेल भरते का?”

मामाजींनी डोळे मिटून घेतले. दीक्षा खिडकीबाहेर पाहायला लागली.

“आत्याबाई,” मी म्हणालो, “ही विलायती गाडी आहे.”

“हव का,” आत्याबाई म्हणाल्या. “मले वाटलं, विचारून पाहावं.”

पुरेशी भरली असं वाटल्यावर मी किल्ली फिरवली. काही नाही. टक् नाही, ठक् नाही. दिवे लाल होऊन डोळे मिटत होते. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि आत पाहत उभा राहिलो. काय पाहायचं ते मला कळत नव्हतं, पण पुरुषानं अशा वेळी बॉनेट उघडून उभं राहायचं असतं.

तेवढ्यात मागून एसटी आली. पाटी उमरेडची.

आत्याबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि एसटीला हात दाखवला. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, “तुम्ही वाईट नका वाटून घेऊ जावईबापू. तुम्ही खूप मेहनत केली. माह्या नशिबात येष्टीच असन, तर तुम्ही काय करसान?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथंच रस्त्यात बसावंसं वाटलं. पन्नास वर्षं वाट पाहिलेली बाई अर्ध्या रस्त्यातून पुन्हा एसटीत चढत होती, आणि तेही माझ्यापायी!

एसटी थांबली. दार उघडलं. आत्याबाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“प्रेमिला! चढू नको वं!”

मामाजी गाडीतून उतरले होते. आणि मग माझ्याकडे वळून, आख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “रोशन्या!”

लग्न झाल्यापासून त्या घरात मला कोणी नुसतं रोशनसुद्धा म्हटलं नव्हतं!

“रोशन्या, बंद कर ते दिवे! मीटरच्या तारा उलट्या लावल्या गा तू! इकडची तिकडे अन् तिकडची इकडे! चार्जिंगले काही झालं नाही, पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे! सुई उण्यावर जाते तवा बॅटरी भरते अन् अधिकवर जाते तवा रिकामी होते! हप्ता झाला, भरून नाही, पिऊन राहिला तू तिले!”

एसटीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

“मामाजी,” मी म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं?”

“तू तारा लावल्या तवाच दिसलं मले!”

“मग सांगितलं काहून नाही?” मीही नागपुरीवर आलो.

“जावयाले कोण सांगते गा?” मामाजी तितक्याच कळवळ्यानं म्हणाले. “पाहून लावा म्हटलं. सुईवर जाऊ नका म्हटलं. तुही पाठ फिरली की दिवे बंद केले. पाया पडतो म्हटलं. अजून काय करू?”

वारा! तो लबाड शॉर्टसर्किट! मी दीक्षाकडे पाहिलं. “तुला पण माहीत होतं?”

“बाबांनी गप बसाले लावलं होतं. अन् मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?”

एसटीचा कंडक्टर दारातून म्हणाला, “बाबाजी, तुमचं घरचं मिटलं असन तर बाई चढते का नाही, सांगा!”

आत्याबाईंचा एक पाय पायरीवर होता, एक रस्त्यावर. त्यांनी विचारलं, “येते का गाडी उमरेडले?”

“येते,” मामाजी म्हणाले.

“कोण म्हणते? जावईबापू म्हणते का तुम्ही म्हणता?”

“मी म्हणतो.”

आत्याबाईंनी पायरीवरचा पाय काढून घेतला.

मग कंडक्टरनंच कारण विचारलं. मामाजींनी लग्नाची एसटी आणि दिलेला शब्द दोन वाक्यांत सांगितला. तो आत वळून ओरडला, “उतरा गा चार-पाच जण! म्हातारीले माहेरी पोचवाचं आहे!” उतरले दहा-पंधरा. एसटीच्या लोकांना ढकलायचा सराव असतो. दिवे बंद, दुसरा गिअर, “जोर लगाके!” आणि ठुमकीनं दोन आचके दिले, एक मोठा ढेकर दिला आणि चालू झाली! लोक ओरडले, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि आत्याबाई पळतच येऊन गाडीत बसल्या.

सुई ताबडतोब उण्याच्या टोकाला गेली. सवयीनं माझा पाय ब्रेककडे सरकला. मामाजींनी खिशातून रुमाल काढला आणि मीटरवर अंथरला.

“इकडे पाहाचं नाही,” म्हणाले. “रस्त्यावर पाहाचं.”

मग मामाजी हळू आवाजात म्हणाले, “जरा जास्तच बोललो मी, जावईबापू.”

“नाही मामाजी. रोशन्याच बरं वाटलं.”

ते हसले. मला खरंच बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या घरात पाहुणा होतो, पाचगावच्या रस्त्यावर पहिल्यांदा घरचा झालो.

उमरेडला शिरल्यावर आत्याबाईंनी काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढून बसल्या. त्यांच्या आळीच्या तोंडाशी आल्यावर माझ्या खांद्यावरून पुढं वाकून त्यांनी स्वतः हॉर्न दाबला. एकदा, दोनदा, मग सोडेचनात. वच्छलाबाई दारात आल्या. त्यांच्या ओठांवर नेहमीचा सवाल तयार असणार; तो तसाच राहिला. ऐंशी ओलांडलेली ती बाई ठुमकीभोवती चक्कर मारून आली, बॉनेटवर हात ठेवला, “अगं माय वं!” म्हणून भाजलेला हात झटकला, आणि बहिणीला उतरू द्यायच्या आधी स्वतः आत शिरून तिच्याशेजारी बसली. दोघी हात धरून बसल्या आणि दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. मामाजी दुसरीकडे पाहत चष्मा पुसत होते. मीही पुसला. मला चष्मा नाही, तरी पुसला.

त्याच वेळी अंकुशरावांचा फोन आला. मामाजींनी तो घेतला. “नाही हो, गाडी नाही देत आता. दारात उभा कराले एखादा जावई पाहिजे असन तर सांगा.”

जेवायची पंगत बैठकीत बसली. सावजीचा झणझणीत रस्सा, गरम भाकरी, आणि बाहेर आग ओतणारं ऊन. खिडकीत कूलर घरघरत होता, पण आत हवेचा पत्ता नव्हता. वच्छलाबाई वाढता वाढता थांबल्या.

“कालपासून उलटा फिरून राहिला, हवा बाहेरच टाकते मेला,” म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अवो, आपले जावईबापू तर वीज खात्यात आहेत! पाहता का जरासक?”

दोन तारा! फक्त दोन तारा पलटवायच्या! हे तर मला झोपेतसुद्धा येतं. मी ताटावरून उठून बाह्या सरसावल्या.

“राहू द्या, राहू द्या,” मामाजी, आत्याबाई आणि दीक्षा एकदम म्हणाले. “आम्ही गरमीतच जेवतो.”

मी खाली बसलो आणि गरमीतच जेवलो. खिडकीबाहेर वच्छलाबाईंची तुळस मात्र मजेत डुलत होती.